उघडलंच आहे तर…

आमच्या शेजारच्या अण्णांचं खरं नाव अर्थातच अण्णा नाही. सेंट लुईसच्या उपनगरात जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या आणि तिथेच निवृत्त झालेल्या गोऱ्या माणसाचं नाव अण्णा कशाला असेल? पण वर केलेलं गॅरेजचं दार, दारात रस्त्याकडे तोंड करून टाकलेली घडीची खुर्ची, अंगात गंजीफ्रॉक, खाली चौकड्यांची अर्धी चड्डी, हातात कॉफीचा मग आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीला, गवताला, कुत्र्याला पुरून उरेल इतका सल्ल्यांचा साठा पाहिल्यावर आमच्या घरात त्यांचं दुसरं काही नाव पडणं शक्यच नव्हतं. ओघानेच त्यांची बायको वहिनी झाली. या बारशाचा दोघांनाही पत्ता नाही.

अण्णांनी पस्तीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले. मिसूरीत गारपीट झाली की घराघरांतून छपराचे दावे येतात. त्यातले काही गारांनी फुटलेल्या छपरांचे असतात आणि काही रात्री हातोडी घेऊन वर चढलेल्या मालकांचे. अण्णा शिडी लावून स्वतः वर जायचे आणि गारेचा घाव कुठला, हातोडीचा कुठला, हे बोटाने चाचपून सांगायचे. वीज गेली म्हणून फ्रीजमधलं मांस सडलं असं कुणी म्हणालं, तर फ्रीजची मापं घेऊन तेवढं मांस त्यात मुळात मावतं का, हे पाहायचे. समोरचा माणूस किती फुगवून सांगतोय, हे त्याने तोंड उघडण्याआधीच अण्णांना कळतं.

असा हा माणूस बोटीच्या इंजिनासाठी कॅमशाफ्ट निवडायला बसला, की त्याच्याइतकं फुगवून सांगणारा माणूस मिसूरी राज्यात दुसरा सापडणार नाही.

अण्णा एकटे नाहीत, ही एक अख्खी जात आहे. ॲरिझोनातल्या लेक हवासूवर, मिशिगनच्या किनाऱ्यावर, फ्लोरिडाच्या कालव्यांत, जिथे जिथे वेगाच्या बोटी आहेत तिथे तिथे ही जात गॅरेजांतून नांदते. तिची दैवतं ठरलेली आहेत. उत्तर मायामीतल्या १८८व्या रस्त्यावर फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट अशा एकापाठोपाठ एक बोटींच्या कंपन्या काढणारा डॉन ॲरोनाव हे त्यातलं मुख्य. १९८७ साली त्याच रस्त्यावर त्याचा गोळ्या घालून खून झाला. ही कथा अण्णा गुरुचरित्राच्या गांभीर्याने सांगतात, आणि ती सांगताना कॉफी पीत नाहीत.

मिसूरीला समुद्र नाही. त्याची भरपाई १९३१ साली ओसेज नदीवर बॅग्नेल धरण बांधून झाली. त्या धरणाच्या पाण्याने जे वेडंवाकडं तळं झालं, ते लेक ऑफ द ओझार्क्स. त्याला इतके फाटे आहेत की त्याचा किनारा कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यापेक्षा लांब भरतो. आमच्या गल्लीपासून गाडीने तीनेक तास. अण्णांची बोट १९८८ची, चोवीस फुटी. तिच्यात मर्क्रूझरचं इंजिन, मूळचं शेव्हरोलेचं, ४५४ घनइंच म्हणजे ७.४ लिटर, आठ सिलिंडर, ३३० अश्वशक्ती. ताशी साठ मैल पळायची. अण्णा पासष्ट सांगत.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात या इंजिनाच्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं. कारण साधं होतं. बोटीच्या इंजिनाचा एग्झॉस्ट पाण्याने गार ठेवतात. ते पाणी ओतीव लोखंडाच्या पोकळीतून खेळतं, लोखंड आतून गंजत जातं आणि एक दिवस पाणी वाट काढून सिलिंडरमध्ये उतरतं. इंजिन उतरवलं, लेथवाल्याकडे गेलं. सिलिंडर बोअर करायचे, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकायच्या, व्हॉल्व्ह बसवून घ्यायचे, एग्झॉस्ट नवा घ्यायचा आणि मे महिन्यात पाण्यात उतरायचं, एवढंच काम होतं. वहिनींनी त्याचे पैसेही बाजूला काढले होते.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, “उघडलंच आहे तर…”

या तीन शब्दांनी जेवढे संसार खड्ड्यात घातले, तेवढे दारूने घातले नसतील. उघडलंच आहे तर कॅमही बदलू. कॅम बदलतोच आहोत तर थोडा मोठा टाकू.

मार्च महिन्यात माझे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झाले. अमेरिकेत येणाऱ्या सगळ्या वडिलांप्रमाणे दोन दिवस त्यांनी खिडकीतून निर्मनुष्य रस्ता पाहिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गॅरेजात स्टँडवर टांगलेलं इंजिन दिसलं आणि बाबांचा व्हिसा कारणी लागला. बाबा मराठीत बोलत, अण्णा इंग्रजीत. मी मध्ये दुभाषा म्हणून उभा असे, पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्या भाषांतरापेक्षा त्यांच्या बोटांनी दाखवलेलं एकमेकांना लवकर कळे.

“किती लिटरचं?” बाबांनी विचारलं.

“सात पॉइंट चार.”

“आमच्या लाल गाडीचं इंजिन याहून लहान. पन्नास माणसं नेते, वर टपावर पोती. ही किती नेते?”

“आठ.”

“ॲव्हरेज काय देते?”

अण्णांनी अभिमानाने सांगितलं, की फुल थ्रॉटलला तासाला सत्तावीस गॅलन. बाबांनी खडू मागून घेतला आणि गॅरेजच्या फरशीवर गॅलनचे लिटर, मैलांचे किलोमीटर केले. लिटरला एक किलोमीटरसुद्धा धड पडेना. बाबांनी हिशेब दोनदा तपासला. मग खडू खाली ठेवून मला हळूच म्हणाले, “आमच्याकडे या ड्रायव्हरला मेमो मिळाला असता. पण शेजारधर्म आहे, तू हे भाषांतर करू नकोस.”

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे मला बाबांकडूनच कळलं. या इंजिनात तो एकच दांडा असतो, ब्लॉकच्या पोटात. त्यावर सोळा उंचवटे. क्रँक दोनदा फिरला की हा एकदा फिरतो, आणि एकेक उंचवटा टॅपेटला वर ढकलून एकेक व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती उचलायचा ती लिफ्ट, किती वेळ उघडा ठेवायचा ते ड्युरेशन. ते क्रँकच्या अंशांत मोजतात. आणि जळका धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत ताजी हवा घेणारा उघडतो, म्हणजे थोडा वेळ दोन्ही उघडे असतात, तो ओव्हरलॅप.

“एसटी स्टँडात लागली,” बाबा म्हणाले. “उतरणारे अजून दारात आहेत आणि चढणारे घुसायला लागले, तो ओव्हरलॅप. लोंढा जोरात असला तर उतरणाऱ्यांच्या मागोमाग वाट मोकळी होते आणि चढणारे भसकन आत येतात. गाडी भरून निघते. पण निवांत गाव असलं, कुणाला घाई नसली, की उतरणारा पायरीवरच रेंगाळतो, चढणारा त्याला रेटतो आणि तो उलटा आत येऊन बसतो.”

मोठ्या कॅमचा सगळा प्रश्न यात आला. मोठं ड्युरेशन, मोठा ओव्हरलॅप हे वरच्या फेऱ्यांवर वरदान असतं. पाच-सहा हजार आरपीएमला हवेच्या लोंढ्याला जोर असतो, इंजिन भरून निघतं. खालच्या फेऱ्यांवर तोच व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते आणि इंजिनाची ताकद गळते. मोटारीत निदान गिअर बदलून वेळ मारून नेता येते. बोटीला पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढंच. पंखा एका ठरावीक प्रमाणात फिरणार आणि इंजिन सदैव पाणी रेटणार. चढाचा रस्ता, आणि तो कधी संपत नाही.

बोटीत याहून मोठी एक मेख असते. इंजिन गार करून झालेलं पाणी एग्झॉस्टच्या धुरातच सोडून बाहेर घालवतात. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतंच चालू ठेवलं असताना, ते ओढ घेतं आणि ओव्हरलॅप मोठा असला, तर तो धूर थोडा उलटा आत येतो. धुराबरोबर पाणीही. बाबांच्या स्टँडवरचे उतरलेले प्रवासी पावसात भिजून पुन्हा गाडीत, तेही सीटवर. म्हणून बोटीचे जाणकार कॅम लहान ठेवतात आणि त्यावरचे एकेका सिलिंडरचे दोन उंचवटे एकमेकांपासून लांब, एकशे बारा-एकशे चौदा अंशांवर घेतात, म्हणजे ओव्हरलॅप कमी होतो.

हे सगळं अण्णांना पाठ होतं. माझ्यापेक्षा आणि कदाचित बाबांपेक्षाही चांगलं. या जातीचं अज्ञानाशी वैर असतं. तिला सगळं माहीत असतं आणि ते सगळं दुसऱ्याच्या इंजिनाला लागू असतं.

मार्चभर गॅरेजात कॅटलॉगं पसरली होती. त्यांतली वर्णनं अण्णा मोठ्याने वाचत. एका कॅमपुढे लिहिलेलं असे, आयडल शांत. अण्णा पान उलटत. पुढे, आयडलला किंचित जाणवेल. अण्णा थबकत. त्यापुढे, आयडल खडबडीत. अण्णा चष्मा पुसत. कॉम्प कॅम्सवाल्यांनी मुद्दाम आवाजासाठी एक मालिका काढली आहे. थंपर, त्याहून मोठा मुथा थंपर, त्याहून मोठा बिग मुथा थंपर. त्यांचे उंचवटे एकशे सातवर, म्हणजे ओव्हरलॅप भरपूर. रस्त्यावरच्या हौशी मोटारींसाठी आहेत. अण्णांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. “केवळ अभ्यासासाठी,” ते म्हणाले.

लेथवाला सत्तरीचा, मितभाषी. हेड परत द्यायला आला तेव्हा अण्णांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, “तुझ्या बोटीला दोनशे वीस अंशांचं ड्युरेशन पुष्कळ झालं.” अण्णा म्हणाले, “पण वेग?” त्यावर त्याने गॅरेजच्या दाराला टेकून एकच हिशेब सांगितला. पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीचा वेग शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सत्तर अश्वशक्ती जास्त काढलीस तर सहा मैल मिळतील. साडूला किनाऱ्यावर ठेवलंस तर एक मैल फुकट मिळेल. एवढं बोलून तो गेला. अण्णांनी मान डोलावली. लेथवाला जुन्या वळणाचा आहे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग कॅमवाल्या कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन झाला. फोन स्पीकरवर होता. बाबा, मी आणि वहिनी, तिघेही गॅरेजात. पलीकडच्या पोराने एकेक प्रश्न विचारला आणि पस्तीस वर्षं दावे तपासणारा माणूस दावेदार झाला.

“बोटीचं वजन?”

अण्णांनी १९८८च्या माहितीपत्रकातलं वजन सांगितलं. ते रिकाम्या बोटीचं. साठ गॅलन पेट्रोलचंच वजन साडेतीनशे पौंडांवर जातं. शिवाय बर्फाची पेटी, नांगर, दोर, वहिनींची बहीण, तिचा नवरा, त्यांची तीन मुलं आणि कुत्रा. यातला एकही जीव त्या आकड्यात नव्हता.

“आता फुल थ्रॉटलला किती आरपीएम जातात?”

“बावन्नशे,” अण्णा म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्याच आठवड्यात अण्णांनी आपली वही दाखवली होती, तिच्यात सत्तेचाळीसशे होते.

“एग्झॉस्ट ओला की कोरडा?”

“जवळजवळ कोरडा.”

“म्हणजे ओला?”

“थोडासा.”

“बोट वापरता कशी? फिरायला, स्कीइंगला, की शर्यतीला?”

अण्णांनी क्षणभर वहिनींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “परफॉर्मन्स.” वास्तविक त्या बोटीचा अर्धा वेळ लाटा करायला मनाई असलेल्या खाडीत आयडलवर जातो, आणि उरलेल्यातला अर्धा नांगर टाकून सँडविच खाण्यात.

“आयडल किती खडबडीत चालेल?”

अण्णांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, त्यावर गॅरेजची ट्यूबलाइट बंद करता आली असती. “त्याची काळजी करू नका,” ते उदारपणे म्हणाले.

इतकं फुगवून सांगूनही पोराने सुचवला तो दोनशे सव्वीस अंशांचा, उंचवटे एकशे चौदावर. या धंद्यात माणसं किती फुगवतात, हे त्यालाही पाठ असावं. अण्णांनी आवंढा गिळला आणि जातीचं ब्रीदवाक्य उच्चारलं, “थोडा मोठा चालेल का?”

पलीकडे शांतता. मग तो पोरगा म्हणाला, “बोट तुमची आहे, सर.”

यालाच अण्णांनी तज्ज्ञाची संमती मानलं.

एप्रिलमध्ये खोकं आलं. दोनशे बेचाळीस अंश, उंचवटे एकशे दहावर. पाठोपाठ आणखी खोकी येत राहिली. लिफ्ट वाढली म्हणून कडक स्प्रिंगा. स्प्रिंगा कडक झाल्या म्हणून भक्कम पुशरॉड. नवा कॅम ताकद देणार सहा हजारांच्या आसपास आणि जुना पंखा इंजिनाला पाच हजारांवर जाऊ देणार नाही. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पाणी कापत पुढे जाण्याचं अंतर, एक इंच कमी केला तर दीड-दोनशे आरपीएम वाढतात, म्हणून लहान पिचचा नवा पंखा. वहिनी प्रत्येक खोकं सही करून घेत आणि बिल फ्रीजवर चुंबकाने लावत. एप्रिलअखेर फ्रीजचं दार बिलांनी झाकलं होतं. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

आता अण्णांची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. कॅम बसवताना हा माणूस वेगळाच असतो. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती, टॅपेटवर डायल गेज, आणि पहिला पिस्टन नेमका माथ्यावर कधी येतो हे दोन्ही बाजूंनी मोजून काढलेलं. कॅमवरच्या कागदातला आकडा आणि गेजवरचा आकडा जुळेपर्यंत अण्णा जेवायला गेले नाहीत. उघडलेला व्हॉल्व्ह पिस्टनला थडकू नये म्हणून दोघांत अंतर हवं, आत घेणाऱ्याला ऐंशी थाऊ, बाहेर टाकणाऱ्याला शंभर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ते मोजायला नातीच्या खेळण्यातली माती पिस्टनवर थापली, हेड बसवलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, हेड काढलं, दबलेली माती ब्लेडने कापली आणि जाडी मोजली. नातीने आपली जांभळी माती परत मागितली, तेव्हा तिला कॅलिपर वापरायला शिकवलं. बाबा दिवसभर स्टुलावर बसून हे पाहत होते. संध्याकाळी म्हणाले, “हात सोन्याचा आहे रे माणसाचा.” खरंच होतं. चुकीची वस्तू इतक्या अचूक बसवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

या कॅमचे टॅपेट सपाट तळाचे. म्हणजे सपाट वाटणारे. तळाला नकळत फुगवटा आणि उंचवट्याला नकळत उतार, म्हणजे टॅपेट जागच्या जागी फिरत राहतो आणि झीज वाटली जाते. नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं जोखमीची असतात. इंजिन सुरू झाल्याबरोबर दोन हजार आरपीएमच्या वर न्यायचं आणि तिथेच ठेवायचं, आयडलला येऊच द्यायचं नाही, नाहीतर तेलाचा फवारा पुरत नाही आणि उंचवटा घासून सपाट होतो. ऑइलही जस्त जास्त असलेलं लागतं. अण्णांनी हा विधी रविवारी सकाळी घराच्या दारात केला. बागेचा नळ ड्राइव्हला जोडला, घड्याळ लावलं आणि इंजिन चेतवलं. वीस मिनिटं आमच्या घरातल्या बश्या मांडणीत नाचत होत्या. समोरच्या घरातली म्हातारी दारात येऊन कानांवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या ओठांच्या हालचालीचं अण्णांनी कौतुक असं भाषांतर केलं आणि हात हलवला.

मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, आम्ही सगळे तळ्यावर गेलो. आयडलवर ती बोट धक्क्यालगत आली आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा पाण्यावर ऐकला. धड्, धडधड्, क्षणभर काहीच नाही, आता बंद पडली वाटेपर्यंत पुन्हा धड्. धक्क्यावरच्या बारमधल्या माणसांनी माना वळवल्या. एकाने बिअरचा डबा उंचावला. अण्णा पस्तीस वर्षं लोकांच्या दारात गेले तेव्हा लोकांनी त्यांना पाहून छपरावरच्या हातोड्या लपवल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा लोक त्यांना पाहून खूश झाले. त्यांनी गॉगल लावला, पाठ ताठ केली, आणि मला कळलं की कॅम कशासाठी घेतला होता. तो वेगासाठी नव्हताच. तो धक्क्यापाशीच्या त्या साठ यार्डांसाठी होता.

एकसष्टाव्या यार्डाला अण्णांनी रिव्हर्स टाकला आणि इंजिन बंद पडलं.

आयडल आधी साडेसहाशे होता, आता हजारावर ठेवावा लागे. त्याच्या खाली इंजिन तग धरेना. हजारावर गिअर टाकला की खाडकन आवाज व्हायचा, बोट उसळायची, आणि लाटा करायला मनाई असलेल्या खाडीत ती लाटा करत निघायची. पाण्यावर ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच ब्रेक. तो टाकला की इंजिन गप्प. त्या उन्हाळ्यात अण्णांनी बऱ्याच धक्क्यांना स्पर्श केला. वहिनी पुढे रबरी फेंडर हातात घेऊन उभ्या राहायला शिकल्या.

चार जुलैला वहिनींची बहीण सहकुटुंब आली. सगळे बसले, कुत्राही बसला. अण्णांनी थ्रॉटल पुढे केला. बोटीने नाक आभाळाकडे केलं आणि पाण्यावर उठायलाच तयार होईना. खालच्या फेऱ्यांतली ताकद दोनशे बेचाळीस अंशांना वाहून टाकली होती. पूर्वी हीच बोट एवढ्याच माणसांना काही क्षणांत उचलत असे. अण्णांनी सगळ्यांना पुढे सरकून बसायला सांगितलं. अर्धा मैल नांगरत गेल्यावर एकदाची बोट उठली. साडू म्हणाला, “आवाज मात्र छान आहे.” अण्णा त्या माणसाशी वर्षानुवर्षं नीट बोलले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने बर्गर भाजून दिला.

वरच्या टोकाला वेग वाढला का? वाढला. बोटीत एकटे अण्णा, निम्मी टाकी, सपाट पाणी आणि पहाटेची हवा असताना जीपीएसवर चौसष्ट दिसले. चार मैलांची कमाई. अण्णा सत्तर सांगत. ऑगस्टमध्ये त्या तळ्यावर शूटआउट नावाची वेगाची स्पर्धा होते, तिथे ताशी दोनशे मैलांच्या वर जाणाऱ्या बोटी येतात. तिथून परतल्यावर अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी हंगाम संपला. अण्णांनी गॅरेजात स्पार्क प्लग काढले. दोन प्लगांवर तांबूस रंग होता. बाबांनी टॉर्च धरला. एग्झॉस्टच्या तोंडातून आत पाहिलं तर व्हॉल्व्हवर आणि सीटवर गंज. या वेळी लोखंड कुठेच फुटलं नव्हतं, एग्झॉस्ट नवाकोरा होता. आयडलवर पाणी उलटं आत आलं होतं. बाबा भिजलेल्या प्रवाशांविषयी काही बोलले नाहीत.

अण्णांनी वही काढली. त्यांचा चेहरा बदलला. पस्तीस वर्षं शिडीवरून उतरताना असायचा तो चेहरा असणार. त्यांनी सावकाश एकेक ओळ लिहिली आणि पान बाबांपुढे धरलं. मी वाचून दाखवलं. दावेदाराने वजन कमी सांगितलं. दावेदाराने आरपीएम वाढवून सांगितले. दावेदाराने वापराचं स्वरूप लपवलं. नुकसान पूर्वकल्पना असताना झालं. दावा नामंजूर. खाली सही आणि तारीख.

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पान उलटलं तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, “हेड काढायचंच आहे तर… दोनशे तीस?”

बाबा परत गेले. अण्णांचं इंजिन पुन्हा स्टँडवर आहे आणि कॅटलॉगं पुन्हा उघडली आहेत. या वेळी मात्र कॅमवाल्याला फोन वहिनी करणार आहेत. वजनासाठी त्यांनी बहिणीच्या कुटुंबाला कुत्र्यासकट वजनकाट्यावर उभं केलं आहे, आरपीएम वहीतून उतरवून घेतले आहेत आणि एग्झॉस्ट ओला आहे हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.

तुमच्याही घरात इंजिन, स्वयंपाकघर किंवा आणखी काही उघडून बसलेला एखादा अण्णा असेल, तर एवढंच करा. मोठं काय घ्यायचं हे त्याला ठरवू द्या, पण पलीकडचा माणूस प्रश्न विचारील तेव्हा उत्तरं दुसऱ्या कुणालातरी देऊ द्या.